अणूच्या राखणदारांची शाळा

१ ऑगस्ट १९४६ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी अणुऊर्जा कायद्यावर सही केली. सिनेटर ब्रायन मॅकमहोन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने अणूविषयीचे ज्ञान सरकारी तिजोरीत बंद केले. अणुबाँब घडवणाऱ्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत अमेरिकनांच्या खांद्याला खांदा लावून राबलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनाही त्या तिजोरीची दारे मिटली. आपला मागोवा येथून सुरू करायचा, कारण अणूच्या राखणीची पहिली कल्पना याच कायद्यात स्पष्ट दिसते. राखण म्हणजे काटेरी कुंपण, बंदूकधारी पहारेकरी आणि मौन. पहारा कसा ठेवतात, कुलपे कोणती, किल्ल्या कोणाकडे, हेसुद्धा गुपितच होते. अशी गोष्ट दुसऱ्या देशाला शिकवावी, हा विचार त्या काळी वेडेपणाचा ठरला असता. मात्र या व्यवस्थेतली फट लवकरच उघडी पडली. फेब्रुवारी १९५० मध्ये ब्रिटनमध्ये क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाला अटक झाली. अणुबाँबची माहिती सोव्हिएत रशियाला पुरवणारा हा माणूस कुंपण ओलांडून आलेला नव्हता. तो रीतसर ओळखपत्र दाखवून रोज दारातूनच आत जात असे. ‘आतला माणूस’ हा आजच्या राखणशास्त्रातला सर्वांत अवघड धडा, आणि त्याचे पहिले ठळक उदाहरण इतके जुने आहे.

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ ही घोषणा केली आणि वारे फिरले. मार्च १९५५ मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी अणुविज्ञानाची आंतरराष्ट्रीय शाळा उघडली. इंग्लंडमध्ये हारवेलची अणुभट्टी-शाळा त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हाला अणूच्या शांततामय उपयोगांवर पहिली मोठी परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षपदी होमी भाभा होते. वर्षभराने, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते. २९ जुलै १९५७ रोजी व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना अमलात आली आणि त्याच ऑगस्टमध्ये भाभांनी तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा सुरू केली. दहा वर्षांपूर्वी जे बोलणेही गुन्हा होते, ते आता फळ्यावर शिकवले जाऊ लागले. या काळातला एक उपक्रम आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यास भारत, फिलिपिन्स आणि व्हिएन्नाची संस्था यांनी मिळून मनिला येथे न्यूट्रॉन-संशोधनाचा प्रशिक्षण प्रकल्प चालवला. उपकरण तुर्भ्याचे, शिकवणारे भारतीय आणि शिकणारे आशियातल्या निरनिराळ्या देशांचे. स्वतः नुकताच शिकलेला देश इतक्या लवकर शिक्षक होऊ शकला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या साऱ्या शाळांत अणुभट्टीचे गणित होते, समस्थानिकांचा वापर होता, किरणोत्सर्गापासून स्वतःला जपण्याचे नियम होते. राखण हा स्वतंत्र विषय मात्र नव्हता. व्हिएन्नाचे निरीक्षक येत, युरेनियम मोजत, वह्या तपासत. पण त्यांची नजर सरकारांवर असे. एखाद्या देशाने शांततेच्या नावाने घेतलेला माल बाँबकडे वळवू नये, यासाठी ती मोजदाद होती. माल चोराने नेला तर काय, हा प्रश्न ज्या त्या देशाच्या पोलिसांचा मानला जाई. अणूचा वापर शिकवणाऱ्या शाळा आधी निघाल्या आणि राखण शिकवणारी शाळा निघायला वीसहून अधिक वर्षे गेली. पुढच्या अनेक अडचणींचे मूळ मला या अंतरात दिसते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या अपोलो या छोट्या गावी अणुइंधनाचा एक खासगी कारखाना होता. १९६५ मध्ये त्याचा साठा तपासला तेव्हा अतिसमृद्ध युरेनियमचा हिशेब जुळेना आणि तूट निघाली शंभर किलोच्या आसपास. माल यंत्रांत आणि नळ्यांत अडकला, कचऱ्यात गेला की कोणी पळवला, यावर अजून वाद चालू आहे. त्या प्रकरणाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली: बाँबला पुरेल इतका माल नाहीसा होऊ शकतो आणि तो कुठे गेला हे कोणालाही सांगता येत नाही. अमेरिकी अण्वस्त्रांची रचना करणारे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर टेलर यांना या विचाराने अस्वस्थ केले. जॉन मॅकफी या लेखकाने १९७४ मध्ये टेलर यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी टेलर यांनी कायदेतज्ज्ञ मेसन विलरिच यांच्यासह अणुचोरीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्लुटोनियम हाती आले तर छोट्या टोळीलाही बाँब बनवता येईल, हे त्यांचे म्हणणे तेव्हा अनेकांना अतिरंजित वाटले. पण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला रक्तपात ताजा होता आणि छोटी टोळी काय करू शकते हे जगाने दूरदर्शनवर पाहिले होते. व्हिएन्नाच्या संस्थेने १९७२ मध्ये अणुपदार्थांच्या भौतिक संरक्षणाच्या शिफारशी पहिल्यांदा छापल्या. १९७५ मध्ये त्या सुधारून काढल्या आणि २२५ या क्रमांकाने त्या जगभर पोचल्या. १९७७, १९८९, १९९३, १९९९ आणि २०११ अशा त्यांच्या आवृत्त्या निघत गेल्या. त्या एकापुढे एक ठेवल्या तर जगाला कोणत्या वर्षी कशाची भीती वाटत होती, याचा आलेखच आपल्या हाती येतो.

खरे वळण आले १० मार्च १९७८ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसार-विरोधी कायद्यावर सही केली. मराठी वाचकांना हा कायदा आठवतो तो तारापूरमुळे. १९६३ च्या करारानुसार तारापूरच्या अणुभट्ट्यांना तीस वर्षे इंधन पुरवण्याचे वचन अमेरिकेने दिले होते. या कायद्याने त्या वचनात कोलदांडा घातला आणि अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन आणण्याची तडजोड करावी लागली. आपल्याकडे या कायद्याविषयीचा राग स्वाभाविक होता. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते आणि त्याकडे आपले सहसा लक्ष गेले नाही. इतर देशांतल्या माणसांना अणुपदार्थांचा हिशेब आणि राखण शिकवणारा वर्ग अमेरिकी ऊर्जा खात्याने चालवावा, असे ते कलम सांगत होते. तारापूरचे इंधन रोखणाऱ्या कागदानेच जगातली राखणीची पहिली आंतरराष्ट्रीय शाळाही उघडली.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरातली सँडिया प्रयोगशाळा अमेरिकी अण्वस्त्रांची अभियांत्रिकी करणारी. १९७८ पासून तिथे हा आंतरराष्ट्रीय वर्ग भरू लागला. तिथे काय शिकवले जाई हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे, कारण जगभरचे पुढचे सारे अभ्यासक्रम त्याच मुशीतून निघाले. चोराला ओळखणे, त्याला खोळंबवणे आणि सशस्त्र माणसे वेळेत पोचवणे, या तीन गोष्टींवर ते शास्त्र उभे आहे. कुंपण कितीही उंच असले तरी ते तोडले जात असताना घंटा वाजत नसेल, तर त्या कुंपणाने दिलेला खोळंबा जमेस धरायचाच नाही. घड्याळ सुरू होते ते घंटा वाजल्यापासून. तिथून पुढे दार, कुलूप, तिजोरी, परतीची वाट या सगळ्यांना चोराचा जितका वेळ लागेल, तो पथकाला पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा. म्हणजे पथक आठ मिनिटांत येत असेल आणि घंटेनंतरचे अडथळे पाच मिनिटांत पार होत असतील, तर बाकी सारा बंदोबस्त व्यर्थ. विद्यार्थी एका कल्पित अणुकेंद्राचा नकाशा घेऊन बसत, निम्मे राखणदार होत आणि निम्मे चोर. पहाऱ्याचे काम अनुभवाने येते अशी समजूत होती. इथे ते मोजता येणारे, तपासता येणारे आणि म्हणून दुसऱ्याला देता येणारे शास्त्र झाले. शिकवताना आपले गुपित सांगावे लागत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. नकाशा कल्पित असतो. रीत मात्र खरी.

याच सुमारास व्हिएन्नात राखणीचा आंतरराष्ट्रीय करार आकाराला आला. ३ मार्च १९८० रोजी तो सह्यांसाठी खुला झाला आणि ८ फेब्रुवारी १९८७ रोजी अमलात आला. त्याचे मुख्य बंधन होते देशादेशांमधून जाणाऱ्या अणुमालापुरते. माल देशाच्या आत आला की राखण पुन्हा त्या त्या देशाच्या मर्जीवर. करार अमलात आला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, ब्राझीलमधल्या गोयानिया शहरातल्या घटनेने आणखी एक उणीव दाखवली. तिथे एका रिकाम्या पडलेल्या रुग्णालयात कर्करोगावरच्या उपचारांचे यंत्र मागे राहिले होते. भंगार शोधणाऱ्या दोघांनी ते फोडले. आतली सिझियमची भुकटी अंधारात निळी चमके. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, नातेवाइकांना वाटली. चार जणांचा जीव गेला. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरात किरणोत्सारी अंश सापडले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. इथे बाँबही नव्हता आणि दहशतवादीही नव्हता. राखण फक्त अणुकेंद्राची करून भागत नाही, रुग्णालय आणि भंगाराचे दुकानही त्या कक्षेत यायला हवे, हे गोयानियाने दाखवून दिले. तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह १९४६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत जन्मले. पण ते सामान्य माणसाला काही सांगत नाही, हेही उमगले. पुढे भारतासह अकरा देशांत लोकांना चित्रे दाखवून पाहण्यात आली आणि २००७ मध्ये नवे चिन्ह जाहीर झाले: लाल त्रिकोण, त्यात किरणे, कवटी आणि पळणारा माणूस.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि राखणीच्या इतिहासातले सर्वांत भयाचे पर्व सुरू झाले. सोव्हिएत बंदोबस्त उभा होता बंद शहरांवर, सीमांवर आणि गुप्त पोलिसांच्या धाकावर. माल स्वतः मात्र मेणाची मोहोर लावलेल्या साध्या कुलपांमागे असे. धाक गेला, पगार थांबले आणि कुलपे तेवढी उरली. मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क येथे १९९२ मध्ये कारखान्यातल्याच एका माणसाने काही महिन्यांत चिमटीचिमटीने सुमारे दीड किलो अतिसमृद्ध युरेनियम घरी नेले. सोनार जशी घडणीत घट धरतो, तशी त्या कारखान्याच्या हिशेबात थोडी तूट नेहमीची मानली जाई, आणि हा माणूस त्या मर्यादेच्या आतच चोरत राहिला. तो पकडला गेला तोही योगायोगाने, दुसऱ्याच चोरीच्या तपासात. मुर्मान्स्कच्या नौदल गोदामातून १९९३ मध्ये पाणबुडीच्या इंधनाचे तुकडे गेले. इथल्यापेक्षा बटाटे जास्त बंदोबस्तात असतात, असा शेरा तपास करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मारला. ऑगस्ट १९९४ मध्ये मॉस्कोहून म्युनिकला उतरलेल्या प्रवासी विमानात ३६३ ग्रॅम प्लुटोनियम सापडले.

या काळात जे घडले ते मला विसाव्या शतकातल्या मोठ्या सहकार्यांपैकी एक वाटते. सॅम नन आणि रिचर्ड लुगर या दोन पक्षांच्या सिनेटरांनी १९९१ च्या अखेरीस कायदा करून घेतला आणि अमेरिकी पैसा कालच्या शत्रूच्या गोदामांना कुलपे घालण्यासाठी वळवला. फेब्रुवारी १९९२ मध्ये लॉस अलामॉसचे संचालक सिगफ्रिड हेकर हे अरझामास-१६ या नकाशावर नसलेल्या शहरात पोचले. सोव्हिएत बाँबचे वयोवृद्ध शिल्पकार युली खारितोन त्यांच्या स्वागताला होते. चाळीस वर्षे एकमेकांविरुद्ध बाँब रचलेली माणसे आता एका टेबलाशी बसून मापनयंत्रे आणि हिशेबाच्या पद्धती ठरवू लागली. १९९४ मध्ये कझाकस्तानातल्या उल्बा कारखान्यातून सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम गुपचूप विमानांनी टेनेसीतल्या ओक रिज इथे हलवले गेले. रशियातल्या ओब्निन्स्क येथे आणि युक्रेनची राजधानी कीव्ह येथे राखणीची प्रशिक्षणकेंद्रे उभी राहिली. कीव्हच्या केंद्राला जॉर्ज कुझ्मिच या दिवंगत अमेरिकी अधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. व्हिएन्नाच्या संस्थेनेही चोरी-तस्करीच्या घटनांची नोंद ठेवायला १९९५ मध्ये सुरुवात केली. यजमान देशाच्या निमंत्रणावरून तिथली राखण तपासून सल्ला देणारी तज्ज्ञपथकेही याच सुमारास निघू लागली. सल्ला गुप्त राहतो, पण घेणारा शिकतो आणि पथकातले इतर देशांचे तज्ज्ञही शिकून परततात.

११ सप्टेंबर २००१ नंतरची वर्षे कागदोपत्री फार गजबजलेली आहेत. व्हिएन्नाची पहिली सुरक्षा-योजना आणि तिच्यासाठीचा निधी २००२ मध्ये आला. एप्रिल २००४ मध्ये संहारक शस्त्रे टोळ्यांच्या हाती पडू नयेत यासाठीचा सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव झाला. जुलै २००५ मध्ये राखणीच्या १९८० च्या कराराला दुरुस्ती जोडली गेली आणि देशांतर्गत अणुकेंद्रेही त्याच्या कक्षेत आली. भारताने या दुरुस्तीला २००७ मध्ये मान्यता दिली. तिचा जोराने पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेची मान्यता पोचली २०१५ मध्ये. पुरेसे देश जमेपर्यंत मे २०१६ उजाडला. अकरा वर्षे! या दिरंगाईचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

एप्रिल २०१० मध्ये बराक ओबामांच्या निमंत्रणावरून ४७ देशांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पहिल्या अणुसुरक्षा शिखर परिषदेसाठी जमले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिथे जाहीर केले, की भारत एक जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र उभारील आणि राखणीचे शिक्षण हा त्याचा एक विभाग असेल. १९७४ च्या पोखरणनंतर ज्या देशापासून अणुविद्या जपावी असे जग म्हणत होते, तोच देश आता राखणीचा वर्ग उघडत होता. आणि नेमके त्याच पंधरवड्यात दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात लोक आजारी पडत होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले, कित्येक वर्षे न वापरलेले कोबाल्टचे उपकरण लिलावात विकले गेले होते आणि कामगारांनी ते तोडले होते. त्यात एकाचा मृत्यू झाला. गोयानियाला तेवीस वर्षे होत आली होती. धडा छापला गेला होता, पण ज्या लिपिकाने लिलावाची यादी केली आणि ज्या हातांनी पत्रा कापला, त्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता.

हरियाणातल्या बहादूरगडजवळच्या केंद्राची कोनशिला ३ जानेवारी २०१४ रोजी बसली. इमारती होण्याआधीच त्याच्या नावाने वर्ग भरू लागले होते. जपानने डिसेंबर २०१० मध्ये तोकाई येथे, दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये देजॉनला आणि चीनने मार्च २०१६ मध्ये बीजिंगजवळ आपापली केंद्रे उघडली. पाकिस्ताननेही केंद्र उभारले. २०१२ च्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या संस्थेने अशा प्रशिक्षण आणि साहाय्य केंद्रांचे जाळे विणले. विद्यापीठांसाठीचे जाळे त्याच्या दोन वर्षे आधीचे. एकमेकांशी सीमेवरून भांडणारे देश इथे अभ्यासक्रम ताडून पाहतात आणि शिक्षकांची देवघेव करतात. याच काळात एक घटना घडली, तिने शिकवणाऱ्यांनाही खाली पाहायला लावले. २८ जुलै २०१२ च्या पहाटे ओक रिजच्या त्याच वाय-१२ संकुलात, जिथे कझाकस्तानचे युरेनियम सुखरूप ठेवायला आणले होते, तीन शांततावादी कुंपणे कापून थेट युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले. त्यांतली एक ८२ वर्षांची जोगीण होती. घंटा वाजल्या होत्या. पण खोट्या घंटांना सरावलेल्या पहारेकऱ्यांनी त्या गंभीरपणे घेतल्याच नाहीत. अल्बुकर्कच्या गणितात यंत्र होते, वेळ होता. माणसाचा कंटाळा धरलेला नव्हता. आज ‘सुरक्षा-संस्कृती’ हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे, त्यामागे असे अनुभव आहेत.

यानंतर रस्ता उतरणीला लागला. क्रिमियाच्या प्रश्नावरून संबंध बिघडले आणि २०१४ अखेर रशियाने अमेरिकेबरोबरचे राखणीचे बहुतेक सहकार्य थांबवले. २०१६ च्या शेवटच्या शिखर परिषदेला तो आलाच नाही. ४ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधले, युरोपातले सर्वांत मोठे झापोरिझ्झिया अणुवीजकेंद्र, सहा अणुभट्ट्यांसह, रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. पन्नास वर्षांच्या शिफारशींत चोर होता, टोळी होती, आतला माणूस होता. दुसऱ्या राष्ट्राचे रणगाडे फाटकातून येतील, हे कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. त्या सप्टेंबरपासून व्हिएन्नाचे तज्ज्ञ आळीपाळीने तिथे राहत आहेत. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी याच संस्थेने व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फला स्वतःचे प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिक केंद्र उघडले. खरी कुंपणे, खरी मापनयंत्रे आणि सीमेवरच्या तपासणीची साधने तिथे एकत्र हाताळायला मिळतात. ज्या देशांना स्वतःचे केंद्र परवडत नाही, त्यांच्या पोलिसांना, जकात अधिकाऱ्यांना आणि रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांना ते खुले आहे.

हे केंद्र उभे राहिले ते सदस्य देशांच्या ऐच्छिक देणग्यांतून आणि व्हिएन्नाच्या राखणविषयक कामाचा मोठा भाग आजही अशाच देणग्यांवर चालतो. दाता नाराज झाला की वर्ग रद्द होतो. अणुनिरीक्षणाचा खर्च नियमित अर्थसंकल्पातून होतो, मग राखणीच्या शिक्षणाचा का नसावा? संस्थेच्या ३५ सदस्यांच्या नियामक मंडळावर भारत आरंभापासून बसत आला आहे आणि या निधीला त्याने स्वतः देणगीही दिली आहे. हा खर्च सर्व देशांच्या बंधनकारक वर्गणीत बसवावा, असा प्रस्ताव भारताने त्या मंडळापुढे मांडावा.